उलट्या दगडातलं साल

महाबळेश्वरला माझ्या मैत्रिणीच्या मावशींचा जुना बंगला आहे. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं आणि दिवाणखान्यात एक भलीमोठी फायरप्लेस. सगळं घर जांभ्याचं, पण फायरप्लेसच्या तोंडावर आडवा टाकलेला दगड मात्र काळा पाषाण. पाच फुटांच्या आसपास लांब, फूटभर उंच. त्यावर काहीतरी कोरलेलं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि वाचता कुणालाच येत नव्हतं.

अशा वेळी घराघरात जे होतं ते इथेही झालं होतं. एका मामांच्या मते ती इंग्रज मालकाची सांकेतिक खूण. एका भाच्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला तेव्हा कुणी ती फारसी ठरवली, कुणी कानडी. आणि गुप्तधनाचा विषय तर निघणारच. जुना दगड, न कळणारी अक्षरं आणि काजळलेलं धुराडं एवढं साहित्य मिळाल्यावर माणसं सोन्याच्या मोहरांपर्यंत पोचायला वेळ लावत नाहीत. मी मोडी शिकले आहे आणि शिलालेखांच्या मागे भटकायची मला खोड आहे, एवढ्या भांडवलावर मावशींनी मला बोलावून घेतलं. "तू बघ गं एकदा. लागलं तर लागलं, नाहीतर मी सरळ ऑइलपेंट मारून घेते," म्हणाल्या.

दगड उलटा बसवलाय हे पहिल्या नजरेतच कळलं. देवनागरी अक्षरं शिरोरेघेला लोंबकळतात. इथे चारही ओळींत एक सरळ रेघ खाली होती आणि अक्षरं तिच्यावर उभी होती. चुन्याचे थर, त्यावर काजळी आणि काजळीवर पुन्हा चुना. त्यामुळे अक्षरांच्या फक्त गाठी आणि वळणं तेवढी दिसत. ती उलटी बघितली की खरंच कुठल्याही लिपीची वाटावीत. दुसरी गोष्ट दिसली ती दोन्ही टोकांना. दगडाच्या दर्शनी बाजूवर छिन्नीचे घाव बारीक, एकसारखे, सावकाश काम केल्याचे. दोन्ही टोकं मात्र ओबडधोबड तोडलेली, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं-शेवटचं अक्षर त्या तोडीत अर्धवट कापलेलं. म्हणजे दगड दुसरीकडून आणला, फायरप्लेसच्या मापाला बसेना म्हणून दोन्हीकडून उडवला आणि जी कड सरळ सापडली ती खाली घेऊन बसवून टाकला. ज्या पाथरवटानं तो बसवला त्याला वाचता येत नसावं, किंवा येत असूनही मुकादम घाईत असावा.

आता अशा दगडाशी काय करायचं नाही, ते आधी. तारेचा ब्रश नाही. अ‍ॅसिड नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, हळद, पांढरा रंग भरायचा नाही. गावोगावी वीरगळांना आणि शिलालेखांना भक्तिभावानं ऑइलपेंट फासलेला मी बघितलाय. रंगवणारा अक्षर जसं त्याला वाटतं तसं गिरवतो आणि त्यानंतर सगळे त्याचंच अक्षर वाचत बसतात. तेव्हा मऊ ब्रश, साधं पाणी, ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून चुना सैल करणं आणि अक्षराच्या खाचेत बांबूची टोकदार काडी. पोलादाला काळ्या पाषाणावर ओरखडा उठवता येतो, बांबूला येत नाही. शिवाय वर्षानुवर्षं आग लागून दगडाच्या खालच्या कडेला पापुद्रे सुटू लागले होते. तिथे मी काडीसुद्धा लावली नाही.

साफसफाई चालू असताना मावशी मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, हे देवाबिवाचं काही नाही ना? दर डिसेंबरात त्याच्याखाली आम्ही मटण भाजलंय."

उजेडाची गंमत सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही जमलं नसतं. कोरलेलं अक्षर समोरून उजेड टाकून वाचता येत नाही, सपाट दिसतं. अंधार करायचा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारायचा. खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. मोबाइल ट्रायपॉडवर पक्का ठेवायचा, हलवायचा नाही. टॉर्च मात्र चारी बाजूंनी फिरवत प्रत्येक जागेवरून एक फोटो. कारण एका बाजूच्या उजेडाला समांतर असलेली रेघ त्या फोटोत गायब होते, ती दुसऱ्यात सापडते. इथवर नेहमीचंच. पण हा दगड उलटा. फोटो वाचायचा तर सुलटा फिरवायला हवा, आणि फिरवला की वरून आलेला उजेड खालून आल्यासारखा होतो. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची जन्माची सवय. त्यामुळे अशा फोटोत कोरलेली अक्षरं खोलगट न दिसता फुगलेली, उठावाची दिसायला लागतात आणि दगडाचे टवके अक्षरांत मिसळतात. उपाय सोपा: फोटो काढतानाच टॉर्च खालून मारायचा, म्हणजे फिरवल्यावर तो वरून येतो. ते केल्याबरोबर तिसऱ्या ओळीत 'संवत्सरे' असं लख्ख दिसलं आणि दिवाणखान्यातली फारसी, कानडी मंडळी एकदम गप्प झाली.

फोटोंवर भागलं असतं, पण मला ठसा हवा होता. हातकागद भिजवून दगडावर पसरायचा, दाट केसांच्या ब्रशानं ठोकत ठोकत तो खाचांमध्ये बसवायचा, अर्धवट वाळू द्यायचा आणि मग कापडाच्या गादीवर जेमतेम शाई घेऊन हलके थापे द्यायचे. पृष्ठभाग काळा होतो, खाचेत गेलेला कागद पांढरा राहतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा, जिचं मुख्य कार्यालय म्हैसूरला आहे, तिथे असे हजारो ठसे जपून ठेवलेले आहेत. फोटोच्या जमान्यातही ही पद्धत मागे पडलेली नाही. कागद फार ओला राहिला तर शाई आरपार जाते आणि दगडाला डाग पडतो, म्हणून आधी परसातल्या एका पायरीवर सराव केला. ठशाचा मोठा फायदा हा की तो सोडवून टेबलावर सुलटा ठेवता येतो आणि मान वाकडी न करता वाचता येतो.

वाचनाची शिस्त एका निवृत्त प्राध्यापकांनी लावली होती, त्यांच्या हाताखाली मी हे शिकले. स्पष्ट दिसतं ते तसंच लिहायचं. संशयाचं अक्षर गोल कंसात. दगडावर नाही पण असणार असं आपल्याला वाटतं ते चौकोनी कंसात. आणि जिथे काहीच नाही तिथे टिंबं द्यायची, तिथे हुशारी करायची नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन अक्षरं दिसली की मन तिसरं स्वतःच पुरवतं आणि डोळा ते दगडावर बघितल्याची साक्षही देतो. म्हणून ओळी मुद्दाम शेवटाकडून, एकेक अक्षर सुटं करून वाचायच्या, म्हणजे अर्थ वाहवत नेत नाही.

अशा रीतीनं हाती लागलं ते असं:

…[म]हाबळेश्वर चरणीं तत्प[र]…
…जी बिन रा… कसबे वाई याणें टाकें बां[धि]…
…[श]के १६.१ विरोधी नाम संवत्सरे ज्येष्ठ शु॥ २ (भौ)मवा…
…चें पाणी जो कोणी मोडी त्यासी गो…

मजकूर कळला तेव्हा गुप्तधनवाल्यांची एक शेवटची चढाई झाली. 'टाकें' नसून 'टके' असावं, असं भाच्याचं म्हणणं. पण ट चा काना ठशात बोटभर लांब, स्वच्छ उतरला होता, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. वाईच्या कुणा भाविकानं महाबळेश्वराच्या चरणी म्हणून पाण्याचं टाकं बांधलं होतं. नाव कुणाचं? 'जी' वर संपणारं काहीतरी, बापाचं नाव 'रा' नं सुरू होणारं. रामाजी, राघोजी, राणोजी, वाटेल ते घाला. नेमकं नावच कापलं गेलं. दगडाची दोन्ही टोकं उडवताना पाथरवटानं पुण्य करणाऱ्याचं नाव तेवढं उडवलं आणि शापाची ओळ बरीचशी ठेवली.

इथे टाक्याला महत्त्व होतं, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण महाबळेश्वरला पाण्याची काय कमतरता असं कुणीही म्हणेल. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारं हे ठिकाण. पण सगळा पाऊस चार महिन्यांत ओतून मोकळा होतो, जांभ्यातून झिरपून खाली जातो आणि चैत्र-वैशाखात डोंगरमाथ्यावरच्या वाटांवर पाण्याचा ठणठणाट असतो. कोकणातून पारघाटानं वर येणारे बैलांचे तांडे, क्षेत्राला जाणारे यात्रेकरू, यांना वाटेवरचं एक टाकं म्हणजे जीव होता. आणि लेखातली तिथी ज्येष्ठातली, म्हणजे काम पाऊस तोंडावर असताना पुरं केलेलं.

राहिलं साल. खरी झटापट तिथेच झाली.

शके १६ एवढं स्पष्ट. शेवटी १ स्पष्ट. मधल्या अंकाच्या जागी एक गोल भोक. पूर्वी कुणीतरी तिथे लाकडी गुल्ली ठोकून खिळा मारला होता. कशासाठी, तर मावशींना आठवत होतं: कॅलेंडर टांगायला. चार ओळींच्या दगडात खिळा मारायला दुसरी जागा मिळू नये!

पण जुन्या लेखांत सालाबरोबर संवत्सराचं नाव येतं ते अशा वेळी कामाला येतं. साठ संवत्सरांचं चक्र, पहिला प्रभव, शेवटचा क्षय. शालिवाहन शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. पडताळा म्हणून शिवराज्याभिषेकाचं साल घ्या. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, साठनं भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. गणित बरोबर. आता विरोधी हा तेविसावा. त्याच्या जवळच्या नावाचा विरोधकृत् पंचेचाळिसावा, म्हणून आधी 'विरोधी' च्या पुढे काही जोडाक्षर दडलेलं नाही ना हे ठशात नीट पाहिलं. नव्हतं, पुढे लगेच 'नाम'. मग १६०१, १६११, १६२१ असे दहाही शक मांडले. तेवीस बाकी दोनच ठिकाणी आली: १६३१ आणि १६९१.

म्हणजे इसवी सन १७०९ किंवा १७६९. साठ वर्षांचं चक्र असल्यामुळे दहापैकी आठ उमेदवार बाद झाले आणि उरलेले दोघे नेमके साठ वर्षांच्या अंतरावर, एकाच नावाचे. भोकाच्या खाली अंकाची एक बारीक शेपटी शिल्लक होती. ती ३ लाही चालते आणि ९ लाही.

घरच्यांनी एकमतानं १७०९ पसंत केलं. जितकं जुनं तितकं बरं, आणि शाहू महाराजांना साताऱ्यात अभिषेक होऊन तेव्हा वर्षच झालेलं, त्यामुळे लेखाला आपोआप वजन येतं. माझं मन १७६९ कडे झुकत होतं. थोरल्या माधवराव पेशव्यांचा काळ, वाईत रास्त्यांनी देवळं आणि घाट बांधण्याचा सपाटा लावलेला, ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं. वाईचा कुणी माणूस त्या वाऱ्यात डोंगरावर टाकं बांधतो हे पटण्यासारखं. पण पटण्यासारखं म्हणजे पुरावा नव्हे, आणि असल्या बाबतीत घरच्यांची पसंती आणि माझं झुकणं यांची किंमत सारखीच.

उरला वार. ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, भौमवासरे. भौम म्हणजे मंगळवार. शक १६९१ मध्ये ही तिथी कोणत्या वारी आली हे पंचांगगणिताच्या सॉफ्टवेअरनं चुटकीसरशी सांगितलं, पण मला त्याचा स्वतंत्र पडताळा सापडला तो फार आवडला. ३ जून १७६९ ला शुक्राचं अधिक्रमण झालं होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसला होता. तेच अधिक्रमण, जे बघायला कॅप्टन कुक ताहितीला जाऊन बसला होता. त्यानंतर काही तासांतच, ४ जूनला, सूर्यग्रहण झालं. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या, त्याला पंचांग उघडावं लागत नाही. ४ जूनला रविवार, आपल्याकडच्या दुपारी अमावास्या संपली. सोमवारी सूर्योदयाला प्रतिपदा, मंगळवारी ६ जूनला द्वितीया. बरोबर बसलं. शके १६३१ ची ज्येष्ठ शुद्ध द्वितीया मात्र रविवार-सोमवारच्या सांध्यावर येते. मंगळवार काही केल्या येत नाही.

पण माझ्या वाचनात '(भौ)' गोल कंसात होता हे विसरून चालणार नव्हतं. तिथे 'सो' असेल तर सोमवार, आणि मग १६३१ ला पुन्हा दार उघडं. साठ वर्षं एका अक्षरावर अडकली होती.

त्या अक्षरावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शिरोरेघेच्या वर, म्हणजे दगडावर खाली, एक मात्रा दिसत होती आणि तिच्या शेजारी चुन्याचा घट्ट खडा. तो लगद्याखाली भिजवून काडीच्या टोकानं कणाकणानं काढला तेव्हा आतून दुसरी खाच निघाली, पहिलीला समांतर, तेवढीच खोल, तळाशी छिन्नीचा तोच तिरपा घाव. दोन मात्रा म्हणजे औ, सोमवार गेला. तरी एक पळवाट शिल्लक होती: सौम्यवार, म्हणजे बुधवार. त्यासाठी म ला य जोडलेला हवा. इथे म चा दांडा सरळ खाली आलेला आणि पुढे मोकळी जागा सोडून व. शिवाय स असता तर पोटातून दांड्याला जाणारी आडवी रेघ असती. बाजूच्या 'संवत्सरे' मध्ये ती याच हातानं ठसठशीत कोरली आहे. इथे ती नाही, डावीकडे वर गाठ आहे. मी कंस काढला. भौमवार, शके १६९१, मंगळवार ६ जून १७६९. ठशाचे फोटो प्राध्यापकांना पाठवले, साल न सांगता. त्यांनीही भौ वाचला. आणि वर, "भोकातला अंक छापताना चौकोनी कंसातच ठेवा," अशी तंबी दिली. ती रास्त होती. ९ दगडावर नाही, तो गणितानं आला आहे.

दगड बंगल्यात कसा आला, याला कागद नाही. पण काळाचा हिशेब लागतो. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास इथे गोऱ्यांसाठी थंड हवेचं ठाणं वसवायला घेतलं. १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांनी वाई भागातल्या खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा दिली. माल्कमपेठ उभी राहिली आणि भराभर बंगले निघाले. आसपास जांभा मुबलक, पण फायरप्लेसच्या तोंडावर आगीला टिकणारा, लांब, अखंड, घडीव काळा दगड हवा. तो नव्यानं घडवण्यापेक्षा वाटेवरच्या, कदाचित तोवर पडक्या झालेल्या टाक्याचा उचलून आणणं स्वस्त. हा माझा तर्क, आणि तो तर्क म्हणूनच वहीत लिहिला आहे.

शापाची ओळ वाचून दाखवल्यावर घरात जरा चुळबुळ झाली. जो कोणी पाणी मोडी त्यासी 'गो' आणि पुढे तोड. गोहत्येचं पाप असणार, अशा लेखांत ते सर्रास असतं. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे आपल्यालाच की." मावशींनी चष्मा पुसला. "शाप टाकं मोडणाऱ्याला आहे. आम्ही घर विकत घेतलंय, रीतसर खरेदीखत करून."

दगड सुलटा करायचा का यावर बरीच चर्चा झाली. मी विरोधात होते. काढताना तो तडकण्याची भीती आहेच, पण उलटं बसवलं जाणं हाही आता त्याच्या इतिहासाचा भाग आहे. शेवटी दगड तसाच ठेवून शेजारी सुलटा ठसा काचेत लावायचं ठरलं. त्याखाली आग पेटवणं बंद केलंय, डिसेंबरातलं मटण अंगणात हललं. लेखाची प्रत आणि मोजमापं पुरातत्त्व खात्याला कळवली आहेत.

आता शोध आहे तो कापलेल्या दोन टोकांचा. तोडलेले तुकडे कुणी लांब नेत नाही. ते त्याच आवारात कुठेतरी पायरीला, जोत्याला, नाहीतर तबेल्याच्या कुंपणात बसवले जातात. डाव्या तुकड्यावर शक्यतो 'श्री', दुसऱ्या ओळीत त्या माणसाचं नाव आणि तिसरीच्या शेवटी श चा डावा भाग असायला हवा. मावशींच्या आवारातल्या पायऱ्या मी पालथ्या घातल्या, शेजारच्या दोन बंगल्यांची परवानगी मागितली आहे. महाबळेश्वरात कुणाच्या ओट्याला फूटभर उंचीचा, चार ओळींचा, एका बाजूनं ओबडधोबड तुटलेला काळा दगड असेल तर आधी बाजूनं टॉर्च मारून फोटो काढा. चुना खरवडू नका, रंग तर मुळीच लावू नका.